दाणेवाला

“बोल राजा, मऊ की दाणेदार?” रॉस्कोने टेबलावर थाप मारली आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ओरडला, “छे, विचारतोय तरी काय मी! दाणेवाल्यांचा पुढारी आलाय. अर्नेस्टिन, सरक जरा, ती निळ्या झाकणाची बरणी काढू दे.”

रांगेतली माणसं हसली. डेल्मस पर्व्हिसही हसला, पण ओठ मिटून.

“आणि तू अजून ती तान्ह्या पोरांची खीर चाटतोस का?” त्याने विचारलं.

“चाटतोच! बटर म्हणतात त्याला लेका. तुझ्यासारखी खडी नाही फासत मी पावाला.” रॉस्को टेबलावरून पुढे वाकला. “बोल की तुझं ते! सगळी थांबलीयेत ऐकायला.”

दर गुरुवारी चर्चमागच्या हॉलमध्ये गरजूंना शिधा मिळायचा, आणि त्या दिवशी रांग पार दाराबाहेर गेली होती. त्यातली निम्मी माणसं जुन्या पीनट बटर कारखान्यातली, त्यांना हे भांडण तोंडपाठ. डेल्मसने घसा खाकरला.

“मऊ खातं कोण?” तो म्हणाला. “ज्यांना दात आले नाहीत ते, आणि ज्यांचे पडले ते.”

हशा पिकला. टेबलाच्या कडेला बुटक्या खुर्चीवर बसून पाव वाटणारी अर्नेस्टिन डोळे पुसत म्हणाली, “मेले दोघं, कधी सुधारायचे नाहीत.” रॉस्कोने दाणेदार पीनट बटरची बरणी डेल्मसच्या पिशवीत कोंबली, आणि डेल्मस ती घेऊन घरी निघाला.

डेल्मसच्या तोंडात दाढ म्हणून एकही उरली नव्हती.

समोरचे वरचे पाच आणि खालचे चार दात तेवढे शाबूत होते, म्हणून बोलताना कुणाच्या लक्षात यायचं नाही. कारखाना बंद पडला तसा दातांचा विमाही गेला. पुढे हिरड्या सुजल्या, रात्र रात्र ठणका लागला, तेव्हा जत्रेच्या मैदानावर फुकटात दात बघणाऱ्या डॉक्टरांचं शिबिर आलं होतं. तिथे पहाटेपासून नंबर लावून तो खुर्चीत जाऊन बसला. काढायचे ते फुकट काढून दिले. कवळीसाठी नाव लिहून घेतलं, त्याला आता चौदा महिने झाले. आता बोला! माणसाने काय चौदा महिने उपाशी राहायचं?

एकतीस वर्षं तो पेल्बीच्या पीनट बटरच्या कारखान्यात भरडणीच्या यंत्रावर होता. जॉर्जियाच्या या टोकाला जिकडे बघावं तिकडे भुईमूग, आणि गावात काम म्हणजे तो एक कारखाना. रॉस्को शेजारच्या चक्कीवर. भाजलेला दाणा रॉस्कोच्या चक्कीतून मऊसूत होऊन यायचा. त्यातला निम्मा तसाच बरणीत जायचा आणि उरलेल्या निम्म्यात डेल्मसने भरडलेले तुकडे पडायचे. तुकडा फार मोठा झाला तर पाव फाटतो आणि बारीक झाला तर त्याचं पीठ होतं. डेल्मस मूठभर भरड हातात घेऊन नुसती चाचपायचा आणि सांगायचा, पाती बदला. साहेब लोक मोजमाप घेऊन यायचे, आणि मोजमाप डेल्मसच्या बोटांशी जुळायचं. एवढीच त्याची विद्या. त्याबद्दल कुणी कधी बक्षीस दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात रॉस्को त्याला म्हणाला होता, “तुझं दाणेदार म्हणजे माझंच मऊ. त्यात तू कचरा टाकतोस, बस.” तिथून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. कारखान्यात मऊवाले आणि दाणेवाले असे सरळ दोन तट पडले. सप्टेंबरातल्या कामगारांच्या सुट्टीला दोन्ही तटांची रस्सीखेच व्हायची, हरलेल्यांनी जिंकलेल्यांच्या बरणीतला एक चमचा सगळ्यांसमोर खायचा. लुर्लीन, डेल्मसची बायको, गेली तेव्हा चार दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. पाचव्या दिवशी रॉस्को येऊन पायरीवर उभा राहिला. सांत्वनाचं एक अक्षर त्याला जमेना. शेवटी त्याने कोटाच्या खिशातून मऊ पीनट बटरची बरणी काढली आणि म्हणाला, “आज तरी खाऊन बघ, गाढवा.” डेल्मस हसला, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते संध्याकाळपर्यंत आवरलं नाही. रॉस्को शेजारी बसून होता.

दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरं काही कधी लागलंच नाही. आता रॉस्कोचं बरं चाललं होतं, बायको शाळेत नोकरीला होती, म्हणून तो टेबलाच्या आतल्या बाजूला उभा राहून शिधा वाटायचा. डेल्मस बाहेरच्या बाजूला. पहिल्यांदा रांगेत उभं राहताना डेल्मसला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण रॉस्कोने त्याला बघितलं आणि भर हॉलमध्ये बोंब ठोकली, “मऊ की दाणेदार?” आणि झालं, टेबलच नाहीसं झालं. भीक घ्यायला आलेला माणूस भांडायला आलेला माणूस झाला. त्या एका प्रश्नासाठी डेल्मस आठवडाभर जगायचा म्हटलं तरी चालेल. मग त्याने “मऊ दे” कसं म्हणायचं?

घरी तो दार लावून घ्यायचा. पातेल्यात पाणी तापवायचं, त्यात दोन चमचे पीनट बटर विरघळवायचं आणि लुर्लीनच्या पीठ चाळायच्या चाळणीतून ते गाळायचं. वर दाणे राहायचे, खाली पातळ पांढुरकं पाणी. ते तो मक्याच्या लापशीवर ओतून खायचा. दाणे मात्र चाळणीत बघत बसायचा. एकसारखे, नीट भरडलेले. दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुणीतरी भरडलेले. ज्याने जन्मभर मऊत दाणे टाकले, तो आता तेच दाणे गाळून काढत होता. कधी कधी त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटायची की लापशी ताटात तशीच गार व्हायची.

एकदा त्याने दुकानातून मऊ आणायचं ठरवलं. बरणी घेऊन तो गल्ल्यापाशी गेला, तर गल्ल्यावर वँडा. तिचा नवरा दाणेवाल्यांच्या रस्सीला पंधरा वर्षं लटकलेला.

“अगं बाई, डेल्मस! मऊ? जग बुडायला आलं की काय?”

“उंदरांसाठी गं,” तो म्हणाला. “पिंजऱ्यात लावायला.”

“तुझ्या घरचे उंदीर तरी खातील का मऊ? नाक मुरडतील!”

दोघंही हसले. बरणी त्याने घरी नेली आणि खरोखरच पिंजऱ्यात लावून टाकली. गुरुवारपर्यंत बातमी रॉस्कोच्या कानावर होती. “उंदरांना अक्कल आहे, तुला नाही,” तो टेबलावरून ओरडला, आणि पुन्हा निळ्या झाकणाची बरणी पिशवीत पडली.

सप्टेंबर आला. शेतात भुईमूग उपटून उलथा वाळत घातला होता, गावभर मातीचा ओला वास होता. डेल्मसच्या पट्ट्याला आता नवं भोक पाडावं लागलं. एका मंगळवारी दुपारी त्याला इतकी भूक लागली, की पाणी तापवायचाही धीर धरवेना. त्याने सरळ चमचा बरणीत घातला. जिभेवर घोळवून गिळू म्हणाला. टाळूला चिकटलेला तो गोळा दाण्यांसकट मागे सरकला आणि घशात बसला.

श्वास येईना. त्याने टेबल धरलं, खुर्ची आडवी झाली. आवाज काढायला गेला तर आवाज नाही. कितीतरी वेळाने, ओट्याच्या कडेवर पोट आपटून आपटून, एकदाचं ते बाहेर पडलं. तो फरशीवर बसून राहिला. मेलो असतो, त्याच्या मनात आलं, आणि शेजारी बरणी बघून रॉस्को काय समजला असता? जन्मभर त्याच्या मनाला लागून राहिलं असतं ते. तिथे फरशीवर बसूनच त्याने ठरवलं.

गुरुवारी त्याची पाळी आली.

“बोल राजा, मऊ की—”

“मऊ दे,” डेल्मस म्हणाला.

“काय?”

“मऊ. मऊ दे म्हटलं. ऐकू येत नाही का?”

रॉस्कोने एकदा त्याच्याकडे, एकदा रांगेकडे बघितलं. मग त्याने घेवड्याचा डबा उचलला आणि टेबलावर बडवायला सुरुवात केली. “ऐका हो ऐका! तीसहून जास्त वर्षं! इतक्या वर्षांनी दाणेवाला शरण आला!” टेबलाला वळसा घालून तो बाहेर आला, त्याने डेल्मसला मिठीच मारली, गदागदा हलवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि डेल्मसलाही हसू आलं. उगीच एवढं घाबरलो, त्याला वाटलं. हरलो तरी भांडण आहेच की. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला, मान मागे टाकून, तोंड उघडून.

अर्नेस्टिन खाली बुटक्या खुर्चीवर बसलेली. तिला खालून सगळं दिसलं.

“अरे देवा,” ती म्हणाली. “डेल्मस, तुझ्या दाढा रे कुठे गेल्या?”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण टाळ्या थांबल्या. रॉस्कोचे हात अजून डेल्मसच्या खांद्यावर होते. डेल्मसने तोंड मिटलं, पण आता मिटून काय उपयोग?

“कधीपासून?” रॉस्कोने हळूच विचारलं.

“झालं की, वर्ष सव्वा वर्ष.”

“मग त्या बरण्या? मी दर गुरुवारी देत होतो त्या?”

“खाल्ल्या की. वाया नाही घालवल्या.” डेल्मसने टोपी सारखी केली. “गाळून.”

रॉस्कोने मान खाली घातली. चक्कीवर उभा राहणारा माणूस तो, गाळून म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने खांद्यावरचे हात काढून घेतले.

“अरे, बोल की आता!” डेल्मस म्हणाला. “जिंकलास ना तू? जन्मभर वाट बघितलीस, आणि आता मूग गिळून उभा काय राहतोस? म्हण, मऊ खातं कोण? म्हण ना!”

“असू दे, डेल्मस,” रॉस्को म्हणाला. तो टेबलाच्या आत गेला आणि त्याने पिशवीत मऊच्या दोन बरण्या ठेवल्या. रांग इतकी गप्प होती की बरण्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

तो आठवडा डेल्मस पोटभर जेवला. पावावर चमचा चमचा मऊ पीनट बटर फासून, पाव दुधात भिजवून. पोटात उभारी आली तशी डोक्यातही आली. झालं गेलं होऊन जाईल, तो मनाशी म्हणायचा, रॉस्कोला एक चांगला टोमणा मारला की गाडी रुळावर येईल. तीन दिवस त्याने टोमणा घोटला. तुझ्या मऊत मला गुठळी सापडली म्हणायचं. चक्कीवाल्याला याहून मोठी शिवी नाही. रॉस्को तिथल्या तिथे भडकणार, माझ्या चक्कीतून उभ्या आयुष्यात गुठळी गेली नाही म्हणून टेबल बडवणार. गुरुवारी वाटेने चालताना डेल्मस ते वाक्य पुटपुटत होता आणि त्याला आधीच हसू येत होतं.

हॉलच्या दाराशी तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. रॉस्कोने त्याला लांबूनच बघितलं, आणि ओरडायच्या ऐवजी तो हातातलं काम टाकून चालत आला. त्याच्या हातात आधीच बांधलेली पिशवी होती. वर मऊ पाव, सफरचंदाचा गर, रश्शाचे डबे, आणि मऊच्या दोन बरण्या.

“या,” रॉस्को म्हणाला. “रांगेत नका उभे राहू हो तुम्ही. पुढच्या वेळेपासून सरळ आत यायचं, मी बांधून ठेवत जाईन.”

इतक्या वर्षांत रॉस्कोने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. डेल्मसला क्षणभर वाटलं, ही थट्टा आहे. त्याने रॉस्कोच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसताना माणूस चेहरा करतो, तसा चेहरा होता.

“काय रे,” डेल्मसने तरी रेटलं, “तुझ्या त्या मऊत मला गुठळी सापडली! एवढी मोठी! चक्कीवर झोपा काढायचास ना तू?”

रॉस्कोने पिशवीतली बरणी काढून उजेडात धरली, काळजीने बघितली.

“हो का? घशाला लागली नाही ना? दुसरी देऊ का बदलून?”

रांगेतली माणसं दुसरीकडे बघत होती.

“नको,” तो म्हणाला. “चांगलं आहे.”

रॉस्कोने पिशवी दिली आणि त्याच्या कोपराला धरून त्याला दाराबाहेरच्या तीन पायऱ्या उतरवून दिल्या. त्या पायऱ्या डेल्मस आत्ताच एकटा चढून आला होता. पण त्याने हात सोडवून घेतला नाही. खाली उतरल्यावर त्याने टोपी काढली.

“जा तुम्ही आत,” डेल्मस रॉस्कोला म्हणाला. “माणसं खोळंबलीयेत तुमची.”