किटली लागली म्हणजे माणूस बरा

क्लिफर्ड होल्टला हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलेलं, वय ऐंशीच्या पुढे. पण खाली व्हरांड्यात स्ट्रेचरवर माणसं ताटकळत पडली होती आणि सगळ्यांचा डोळा त्याच्या पलंगावर होता. आमच्या लँकशायरमध्ये जानेवारीत हे असंच चालतं. घरी बघायला कोणी आहे का, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. घरी बायको होती, ऑड्री. शिवाय सकाळ-संध्याकाळ मी. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन उठवायचं, न्हाऊमाखू घालायचं, दोन घास भरवायचे, हे माझं काम. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्याचा पगार देतं आणि उपकार केल्यासारखं वागतं.

ऑड्रीचं काय झालंय ते मला पहिल्याच सकाळी कळलं. टोस्टला लोणी लावून ती तो रुमालांच्या खणात ठेवत होती. मला तिने बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि ती बहीण वारून जमाना झालेला. क्लिफर्ड आतून म्हणाला, तिला सर्दी झालीय, सर्दीने डोकं जड होतं. मी बरं म्हटलं. मग रोजच सर्दी. सकाळी ती पार हरवलेली असायची, दुपारनंतर जरा ताळ्यावर यायची. कुणाला कळलं तर तिला उचलून कुठल्यातरी वृद्धाश्रमात नेतील आणि आपण इकडे राहू, या एका भीतीने म्हाताऱ्याला पोखरलं होतं. एकदा मी त्याचे मोजे चढवत असताना म्हणाला, "आमच्यातलं एक आधी जाणारच गं पोरी. पण कौन्सिलच्या गाडीतून नाही जायचं."

क्लिफर्ड वॉकर धरून चार पावलं टाकायला लागला होता, अशात डॅमियन आला. गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, पायात पांढरे बूट, वागायला अगदी गोड. हॉस्पिटलवरचा भार हलका करायचा म्हणून सरकारने नव्या कल्पनांसाठी निधी दिला होता आणि आमच्या कौन्सिलने तो पटकावला होता. डॅमियनची कल्पना किटलीची. विजेच्या किटलीच्या प्लगला एक डबी लावायची. सकाळी किटली लागली की ऑफिसातल्या पडद्यावर हिरवा ठिपका. लागली नाही तर लाल, मग फोन, मग माणूस धावत जाणार. आपल्याकडे कोण सकाळी चहाशिवाय राहतं, असं तो हसत म्हणाला. ते खरंच होतं. म्हणजे सकाळची माझी फेरी बंद, आणि तेवढ्या वेळात मी हॉस्पिटलमधून सुटलेल्या दुसऱ्या कुणाकडे जाणार.

मी म्हटलं, किटली कोणी लावली ते तुमच्या डबीला कसं कळायचं?

उत्तर क्लिफर्डनेच दिलं. "मीच लावतो. हिच्या हातचा चहा कोण पिणार? भांडी धुतलेलं पाणी बरं." ऑड्रीसुद्धा हसली. तिला वाटलं, पाहुणा आलाय आणि गंमत चाललीय. क्लिफर्डने माझ्यावर अशी नजर रोखली की मी मूग गिळून बसले. कोणी सकाळचं घरात येऊ नये, त्याला एवढंच हवं होतं, आणि ते सरकारी खर्चाने मिळत होतं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

महिनाभर ठिपका हिरवा. डॅमियनने पडद्याचे फोटो कुठल्याशा सभेत दाखवले, टाळ्या घेतल्या. ठिपका बघून कौन्सिलने संध्याकाळच्या फेऱ्याही कापल्या; मी आता आठवड्यातून फक्त दोनदा जात होते, संध्याकाळी, त्याला आंघोळ घालायला.

त्या गुरुवारी दार ऑड्रीने उघडलं. तोंड फुगलेलं. "क्लिफ रुसलाय माझ्यावर," म्हणाली. "सकाळपासून शब्द नाही. आणि चहाला हात लावत नाही."

क्लिफर्ड न्हाणीघरात फरशीवर पडला होता, कमोड आणि भिंतीच्या मधे, एक हात अंगाखाली. त्याच्या डोक्याभोवती चहाचे कप. काहींवर साय धरलेली, एक अजून कोमट. ती दिवसभर आत येत होती, त्याला बघत होती, आणि काय करावं ते न सुचून चहा करत होती. आमच्याकडे कुणावर काही कोसळलं की पहिल्यांदा हेच करतात. तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, तेवढं एक उरलं होतं. मला रडू आलं, आणि ते आवरत मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

तो शुद्धीवर होता. मी ओल्या रुमालाने त्याचे ओठ पुसले. तो पुटपुटला, "आत्ता पडलो म्हणून सांग. तू आलीस तेव्हाच."

रुग्णवाहिका यायला बराच वेळ लागला. त्यातली बाई गुडघ्यावर बसली, त्याचा पाय चाचपला आणि तिने विचारलं, किती वेळ झाला पडून? मी क्लिफर्डकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. माणूस तासन्‌तास दगडी फरशीवर पडला की दबलेलं मांस सडतं आणि त्याचं विष मूत्रपिंडात उतरतं. हे मला माहीत होतं. तिला नसतं कळलं तर उपचार चुकले असते.

"सकाळपासून," मी म्हणाले.

"आणि घरात कोणीच नव्हतं?"

ऑड्री माझ्यामागे उभी होती, हातात नवा कप. बाईने तिच्याकडे पाहिलं, मग फरशीवरच्या कपांकडे. आणखी काही सांगावं लागलं नाही. क्लिफर्डने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑड्रीला एकटं ठेवणं धोक्याचं, म्हणून तिलाही नेलं. वृद्धाश्रमात जागा मिळेना, तेव्हा तिलाही वॉर्डात टाकलं. तो सातव्या मजल्यावर, ती चौथ्या. एक पलंग मोकळा करायला निघालेल्यांनी दोन अडवून दाखवले. मी डॅमियनला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा खरोखर गोंधळला होता. पडद्यावर त्या दिवशी किटली लागतच होती, म्हणाला. होल्टांचा एवढा चांगला दिवस आधी कधी नोंदलाच गेला नव्हता. मी फोन आपटला.

क्लिफर्डला भेटायला गेले की तो डोळे मिटून घ्यायचा. मला ते लागायचं, पण जात राहिले. एका रविवारी मात्र माझं मनगट धरून म्हणाला, "तिला खाली ठेवलंय ना? घेऊन ये." मी सिस्टरला विचारलं. चौथ्या मजल्यावर जुलाबाची साथ आहे, वॉर्ड बंद आहे, आणि चाकाची खुर्ची ढकलायला माणूसही नाही, असं ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

साथ ओसरली असं कळलं त्या दिवशी मी सुट्टी टाकली. ऑड्रीला चाकाच्या खुर्चीत बसवलं, केस विंचरले, ती म्हणेल ते कार्डिगन घातलं. लिफ्टमध्ये ती भलतीच खुशीत होती. क्लिफशी आता आपण भांडणार नाही, असं तिने मला दोनदा बजावलं.

सातव्या मजल्यावर त्याच्या पलंगाची चादर नवी होती. त्यावर एक दुसराच म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता, व्हरांड्यातून नुकताच वर आणलेला, अंगात अजून घरचाच सदरा. सिस्टर माझ्याकडे बघून थबकली आणि हळूच मान हलवली. पहाटे गेला. खाली कळवायचं राहून गेलं होतं.

ऑड्रीने त्या माणसाकडे निरखून पाहिलं. मग माझी बाही ओढली.

"चुकीच्या जागी आणलंस गं," ती म्हणाली. "हा आमचा क्लिफ नाही."

"हो," मी म्हटलं, "चुकलंच माझं." आणि खुर्ची वळवली.