जाऊबाईंचं प्रेशर

रफूकाकूंचं ब्लडप्रेशर घरी शहाण्यासारखं वागायचं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मोजलं तरी शहाण्यासारखंच वागायचं. डोळ्यांच्या हॉस्पिटलची पायरी चढली की मात्र त्याच्या अंगात यायचं. दोनदा काकू ऑपरेशनच्या दारापर्यंत जाऊन, डोळ्यात थेंब घालून घेऊन, तशाच चालत घरी परत आल्या होत्या.

"एवढं प्रेशर असताना मी डोळ्याला हात लावणार नाही," डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले. ते मोठ्या शहरातून महिन्यातून एकदा यायचे आणि एका दिवसात गावाचे सगळे मोतीबिंदू उरकून परत जायचे. दुसऱ्या वेळी त्यांनी वर हेही सांगितलं, "पुढच्या खेपेला या. पण तेव्हाही असंच झालं तर माझ्याकडून सहा महिने विसरा. मी पुढे शिकायला बाहेर चाललोय."

सहा महिने म्हणजे काकूंचा धंदा बसला. रफूचं काम असं की भोक पडलेल्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढायचा आणि तो असा विणायचा की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. काकूंच्या बोटांना ते झोपेतही जमलं असतं, पण बोटांना रंग दिसत नाही. आणि काकूंना आता सगळं जग तेलकट कागदातून पाहिल्यासारखं दिसायचं. गेल्या महिन्यात त्यांनी एका वकिलाच्या काळ्या कोटाला गडद निळ्या दोऱ्याने रफू केलं. घरातल्या दिव्याखाली ते झकास दिसलं, उन्हात गेल्यावर बोंबललं. वकिलाने कोट मुकाट्याने आणून टेबलावर ठेवला. वकील काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं काकूंना कळत होतं. त्यानंतर त्या फक्त पांढरे कपडे घ्यायला लागल्या, आणि लोक पांढऱ्या कपड्यांना भोकं पाडून घेत नाहीत, डाग पाडून घेतात.

तर हे झालं डोळ्यांचं. प्रेशरचं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं.

थोरल्या जाऊबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणाचाही गैरसमज होईल. काकूंचा पाय मोडला तेव्हा त्यांनी दोन्ही मजल्यांचा स्वयंपाक केला होता, काकूंची वेणी घातली होती, काकांचे शर्ट इस्त्री केले होते. जाऊबाई उपकार रोखीने करायच्या आणि वसुली गप्पांत करायच्या, इतकंच. ती वसुली अजून चालू होती.

दोन्ही वेळा हॉस्पिटलात सोबत त्याच आल्या. काकूंनी बोलावलं नव्हतं. काकू जिना उतरायला लागल्या की वरून चपलांचा आवाज यायचा.

"तुझं काय चुकतं सांगू, धाकटे?" बाकावर टेकता टेकता जाऊबाईंनी दुसऱ्या खेपेला सुरुवात केली होती. "तू मनात फार ठेवतेस." आणि मग शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळून, "ही आमची धाकटी जाऊ. दोन्ही डोळे. अहो, मागे कपड्यांच्या दुकानात गेली आणि दारातल्या पुतळ्याला विचारते, ह्यात दुसरा रंग आहे का? तो कसला बोलतोय! तर ही त्याच्यावर चिडली. म्हणाली, गिऱ्हाइकाशी असं वागतात का?"

बाक हसला. बाकावरचे सगळे हसले म्हणजे बाकच हसला म्हणायचा. काकूही हसल्या. हसताना कानशिलं तापलेली त्यांना कळत होती.

आत सिस्टरने दंडाला पट्टा बांधला. "झोप लागते का काकू?"

"घोरते!" जाऊबाई म्हणाल्या.

"जेवणात मीठ?"

"मी चाखून बघते ना. सांगून दमले."

आकडा बघून सिस्टरने ओठ मुडपले. तेवढ्यात जाऊबाईंना बाहेर कुणीतरी ओळखीचं दिसलं आणि त्या लगबगीने उठून गेल्या. सिस्टरने सहज पुन्हा मोजलं. आकडा उतरला होता. तिने भुवया उंचावल्या. आणखी जरा थांबून तिसऱ्यांदा मोजायला घेतलं, तर व्हरांड्यात चपला वाजल्या, आणि यंत्रातला आकडा मांजराने झाड गाठावं तसा सरसर वर गेला.

"काकू," सिस्टर खालच्या आवाजात म्हणाली, "हे प्रेशर तुमचं नाही. सोबत आलंय."

काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही, फक्त रात्री जेवताना काकांना सांगितलं. काका पाणीपुरवठ्यात होते. गावातल्या नळांचे व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांची उमर गेली होती.

"मग सांग ना वहिनीला, येऊ नका म्हणून."

"तुम्ही सांगा. तुमची वहिनी आहे."

काकांनी घास बराच वेळ चावला. "अख्ख्या गावाचं प्रेशर मी कमीजास्त करतो," ते शेवटी म्हणाले, "पण वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह माझ्या हातात कधीच नव्हता."

सांगायचं तरी कसं? 'जाऊबाई, तुम्ही आलात की माझं डोकं फिरतं' हे वाक्य काकूंनी न्हाणीघरात म्हणून पाहिलं होतं. म्हणायला सोपं होतं. पण त्यानंतर रोज एकाच जिन्यावरून चढाउतरायचं होतं.

मग त्यांनी आडवळण घेतलं. ऑपरेशनची तारीख एक दिवस पुढची सांगितली. जाऊबाई म्हणाल्या, "चुकतेयस तू. मी हॉस्पिटलात फोन करून विचारलंय." मग काकूंनी काकांना पढवलं की त्या दिवशी सकाळी वहिनीला कसल्यातरी कामात अडकवा. काका वर गेले, चहा पिऊन खाली आले आणि पडलेल्या तोंडाने म्हणाले, "त्या म्हणाल्या, भावोजी, तुम्ही कामाला जा, मी आहे ना. मी बरं म्हणालो."

"बरं म्हणालात?"

"त्या एवढ्या मायेने म्हणाल्या, की…"

"माहीत आहे मला ती माया," काकू म्हणाल्या, आणि पांढऱ्या चादरीचं एक भोक रागारागाने बुजवलं.

ऑपरेशनच्या सकाळी जिन्यावर चपला वाजल्याच. वाटेत जाऊबाईंनी दूधवाल्याला सांगितलं, शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, आणि हॉस्पिटलच्या बाकावर पुतळ्याची गोष्ट पुन्हा एकदा झाली. काकूंना हिरवा झगा आणि कागदी टोपी घालून आतल्या खोलीत बसवलं तेव्हा जाऊबाई शेजारच्या स्टुलावर होत्याच. पट्टा फुगला, उतरला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"डॉक्टर विचारतायत, पाठवताय का?" दारातून कुणीतरी म्हणालं.

"पाच-दहा मिनिटं थांबवा," सिस्टर म्हणाली. तिने जाऊबाईंकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि कपाटातून काचेचा जुना थर्मामीटर काढला.

"मावशी, आ करा."

"मी? मला काय झालंय?"

"इथवर येणाऱ्या नातेवाइकांचा ताप बघावा लागतो. नियम आहे." हा नियम तिने त्याच क्षणी केला होता, पण चेहऱ्यावरून तो बराच जुना वाटला. "जिभेखाली धरायचा. मी काढेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं तर परत पहिल्यापासून."

जाऊबाईंनी ओठ मिटले.

खोलीत अशी शांतता पसरली की पलीकडे ट्रेमध्ये ठेवली जाणारी हत्यारं एकेक ऐकू यायला लागली. सिस्टर समाधानाने पट्ट्याकडे वळली. फुगवला, सोडला. एकशे चौऱ्याऐंशी.

"अहो काकू! आता काय झालं?"

काय झालं ते काकूंनाही कळेना. एवढ्या वर्षांत त्यांनी जाऊबाईंना गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या थर्मामीटर धरून समोर बसल्या होत्या, तोंडाच्या कोपऱ्यातून काचेची काडी बाहेर, आणि ऐकण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. काकूंचा घसा आपोआप मोकळा झाला.

"जाऊबाई, त्या पुतळ्याची गोष्ट तुम्ही आजवर किती जणांना सांगितलीत?"

जाऊबाईंचे डोळे मोठे झाले.

"आणि दर वेळी तो पुतळा उंच कसा होत जातो? मघाशी तर त्याला मिशा आल्या होत्या! कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याला कोण मिशा लावतं?"

"हं!" जाऊबाई म्हणाल्या. काडी हलली.

"तोंड मिटा मावशी," सिस्टर म्हणाली.

"माझा पाय मोडला तेव्हा तुम्ही सगळं केलंत. मी कधी नाही म्हणणार नाही. पण पाय माझा मोडला होता ना? लोक मला भेटायला यायचे आणि तुमची विचारपूस करून जायचे! किती दमलात हो, किती वाळलात हो! मी पलंगावर पडल्या पडल्या त्यांना चहा विचारत होते! आणि घोरणं. वरच्या मजल्यावर तुम्हाला माझं घोरणं ऐकू कसं येतं? की जिन्यात येऊन बसता? माझ्या पातेल्यात बोट घालून मीठ चाखता. मी तुमच्या पातेल्यात कधी बोट घातलंय? घालू का? उद्यापासून घालते!"

"हंहं! हं!" काडी वरखाली नाचत होती.

"आणि मी मनात ठेवते म्हणता. बाहेर काढायला जागा ठेवता का तुम्ही?"

एवढं बोलून काकू थांबल्या. आणखी काही आठवतंय का ते त्यांनी चाचपून पाहिलं. आठवेना. आत रिकामं, धुतल्यासारखं वाटत होतं.

"आता दोघी शांत बसा," सिस्टर म्हणाली. थर्मामीटरचं काम केव्हाच झालं होतं, पण तो तिने तिथेच राहू दिला. बऱ्याच वेळाने तिने पट्टा फुगवला, सोडला, आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "एकशे अडतीस! सांगा डॉक्टरांना!"

मग तिने जाऊबाईंच्या तोंडातली काडी काढली. "ताप नाही."

काकूंनी खांदे आवळून घेतले. जिना, वरचा मजला, पुढची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. हे मात्र त्यांना अगदी स्वच्छ दिसलं.

जाऊबाईंनी रुमालाने ओठ पुसले. "झालं तिचं?"

"झालं."

"मग तो पट्टा आता माझ्या दंडाला बांधा. आणि तू जा, धाकटे, डॉक्टर थांबलेत. तुझ्याकडे नंतर बघते."

काकूंना टेबलावर आडवं केलं. चेहऱ्यावर कापड पसरलं, एका डोळ्यापुरतं भोक ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "दुखणार नाही. फक्त हलायचं नाही आणि बोलायचं नाही. अजिबात." वर एक मोठा पांढरा उजेड होता आणि भीती होतीच. ती वाढणार, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज यायला लागला. दार लोटलेलं होतं, पण जाऊबाईंच्या आवाजाला दाराचं कधी काही वाटलं नव्हतं.

"एकशे नव्वद? असणारच! ऐकलंत ना काय काय बोलली ते? पुतळा उंचच होता. मिशांचं एक वेळ कबूल करते. पण मी का सांगते ते विचारलं तिने? तुम्ही तरी विचारा!"

"का सांगता मावशी?"

"वकिलाचा कोट परत आला तेव्हा लोक काय म्हणायला लागले होते, माहितीये? हिचा हात गेला म्हणून! हात! डोळा बरा होतो हो सिस्टर, गेलेल्या हाताला कोण काम देतं? बाई पुतळ्याशी भांडून आली म्हटलं की माणसं म्हणतात, डोळेच गेलेत बिचारीचे, ऑपरेशन होऊ दे, मग देऊ कपडे. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, थांबा म्हणून." मग जरा थांबून, "सांगताना मजाही येते, ती काही मी नाकारत नाही."

कापडाखाली काकूंना पुष्कळ बोलायचं होतं. तरी मिशा कशाला, हे तर विचारायचंच होतं. शिवाय हसू येत होतं, आणि ते पोटात दाबून धरताना टोपीखाली कान हलत होते.

"काकू, प्रेशर छान आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही हसताय का?"

"नाही," काकू ओठ न हलवता म्हणाल्या.

पलीकडे जाऊबाई आता मोडलेल्या पायावर आल्या होत्या. काकू निपचित पडून राहिल्या आणि घोरण्याचा मुद्दा येण्याची वाट पाहू लागल्या.