मामाचा आरसा आणि पंपघराची लायनर

मामानं पॉलिश केलेल्या पत्र्यावर माशी बसली की घसरून खाली पडायची आणि लाजेनं पुन्हा त्या कारखान्यात फिरकायची नाही. एका गिऱ्हाइकानं त्यानं घासलेल्या शाफ्टमध्ये बघून दाढी उरकली. दुसऱ्यानं त्यात स्वतःला पाहून नमस्कार केला आणि समोरचा बोलत नाही म्हणून रागावून निघून गेला. यातलं निम्मं माझ्यासमोर घडलंय. कुठलं निम्मं ते विचारू नका.

अशा माणसाच्या हातची लायनर, म्हणजे इंजिनात पिस्टन जिच्यात वरखाली धावतो ती बिडाची जाड नळी, पंपघराच्या इंजिनात बसवली आणि इंजिन जॅम झालं.

कारखाना भाचीचा. आईमागून तिनं तो चालवायला घेतला होता आणि त्याचा श्वास चालायचा तो पंपघराच्या कामावर. तिथला इंजिनिअर येऊन सांगून गेला, "उद्या दुपारी खरबरीतपणा मोजायचं मीटर घेऊन येतो. दुसरी लायनर पास झाली तर ठीक, नाहीतर काम दुसरीकडे देतो." काम गेलं की दाराला कुलूप, हे त्यानं वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसरी लायनर तयार होती. पहिलीचं ऐकल्यावर मामानं हिला इरेला पेटून घासलं होतं. "ऑइल भेसळीचं असणार त्यांचं," तो म्हणाला. "ही बघ. बोट लावलंस तर बोटाची रेघसुद्धा पुसली जाईल."

भाचीनं बोट लावलं नाही. तिनं पंपघराकडून आलेलं लायनरचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि त्यावर पाना ठेवला, कागद गुंडाळू नये म्हणून.

"मामा, ही खूण कसली?"

"बरोबरची. मास्तर करतात तशी. काम बरोबर आहे म्हणतायत."

"काम करायच्या आधीच?"

"चांगली माणसं आहेत."

ती हसली नाही. "चेष्टा पुरे. खुणेवर आडवी रेघ आहे, म्हणजे मशीनवर धातू काढायचा. तिच्याजवळ हे दोन आकडे, एकाखाली एक. वर शून्य पॉइंट आठ, खाली शून्य पॉइंट चार."

"मायक्रॉन," मामा तोऱ्यात म्हणाला. "माणसाचा केस त्यापुढे ओंडका. वरच्या आकड्यापेक्षा खरबरीत नको, खालच्यापेक्षा गुळगुळीत केलं तर शाबासकी."

"खालच्यापेक्षा गुळगुळीतही नको. दोन्ही हद्दी आहेत त्या. आणि ही बाजूची फुली बघ. ओरखडे एकमेकांना छेदणारे हवेत, त्यात ऑइल धरून राहतं. तुझ्या आरशावर ऑइल ठरतच नाही, मामा. पिस्टन कोरडा घासला गेला."

तिनं लायनरमध्ये मीटरची सुई फिरवली. बारीक चढउतारांची सरासरी पडद्यावर आली: शून्य पॉइंट शून्य पाच.

मामानं आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण काम जास्तच चांगलं झालं म्हणून नापास, हे त्याला नवीन होतं. "दुसरी ओतून आणू," तो पुटपुटला.

"ओतकामवाल्याची भट्टी दुरुस्तीला काढलीय. हीच आहे."

तिनं आतला व्यास मोजला. माप हद्दीत ठेवून अजून जरासा धातू काढता येणार होता. जरासाच. जास्त निघाला तर नळी सैल होणार आणि भंगारात जाणार.

"खरबरीत दगड कुठे आहेत?"

मामानं दाराकडे पाहिलं. होनिंगचे, म्हणजे नळी आतून घासायचे, खरबरीत दगड त्यानं कधीच कामातून काढून दार मिटू नये म्हणून त्याला टेकण लावले होते. दोघांनी ते उचलून धुतले, मशीनच्या डोक्यात बसवले. दार धाडकन मिटलं.

"मी चालवते," भाची म्हणाली.

"सरक. खराब करायचं तर तेही मीच करीन."

डोकं फिरत फिरत नळीत वरखाली होऊ लागलं. थोड्या वेळानं तिनं थांबवलं. रेघा आडव्या पडल्या होत्या, एकमेकींना जेमतेम शिवत होत्या. मीटर म्हणालं शून्य पॉइंट तीन.

"वरखाली जोरात घे. फिरणं कमी कर."

"कळतं मला."

"मग कर ना."

"तू गप्प बसलीस तर हात चालेल."

ती गप्प बसली, पण हलली नाही. मामानं वेग बदलला, दाब जरा वाढवला. तिनं मध्येच थांबवून व्यास मोजला आणि नुसता हात वर केला: अजून थोडं. मग लगेच मुठीनं खूण केली: बस.

आत तिरप्या रेघांची जाळी पडली होती. मामानं आत डोकावून पाहिलं. त्याचं तोंड त्यात दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं व्यास तपासला, मग नळीत वर, मध्ये आणि खाली सुई फिरवली. भाची टेबलाची कड धरून उभी होती. आकडा आला शून्य पॉइंट सहा, तिन्ही ठिकाणी थोड्या फरकानं तेवढाच. त्यानं टॉर्च मारून जाळी पाहिली आणि लायनर स्वतःच उचलून गाडीत ठेवली.

"पुढच्याही अशाच द्या," तो म्हणाला.

गाडी गेली. मामा हात पुसत राहिला.

"एवढं ओरखडलेलं काम," तो म्हणाला, "माझ्या हातून पहिल्यांदाच पास झालं."

"सवय कर," भाची म्हणाली आणि पुढचं ड्रॉइंग त्याच्या हातात दिलं. "आणि आधी खूण वाच."

त्यानं चष्मा लावला आणि ड्रॉइंग उजेडाकडे धरलं.