दोन मिलिमीटरची जागा

व्हॉल्व्हच्या टोकाला लावलेली निळी शाई एका ठिकाणी घासून निघाली होती. घासलेली रेघ अडीच मिलिमीटर रुंद होती आणि मध्यापासून आतल्या कडेकडे सरकलेली होती. तिने भिंग डोळ्यावरून काढलं, दिवा दुसऱ्या बाजूने धरला, पुन्हा भिंग लावलं. रेघ होती तिथेच राहिली.

"बसलं ना?" दादाने विचारलं. इंजिनाच्या पलीकडे, क्रँक फिरवायच्या लांब पान्यावर हात ठेवून तो उभा होता.

"हेड बसलं. पुशरॉड आखूड पडतायत."

"वीस वर्षं तेच पुशरॉड आहेत."

"वीस वर्षं हेडही तीच होती. नव्यांचे व्हॉल्व्ह उंच आहेत. थोरल्याचा सदरा धाकट्याला चढवलाय आपण, आणि धाकटा निघालाय उंच."

"पण खोक्यावर तर 'थेट बसणारी' असं छापलंय."

"छापणाऱ्याने आपलं इंजिन पाहिलेलं नाही."

दादा हसला. "बरं, मास्तरीणबाई. तुम्ही म्हणाल तसं."

अकरा वर्षं तिने कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं, तेव्हापासून तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा. वडील गेल्यावर वर्कशॉप दोघांकडे आलं आणि वाटणी न बोलताच झाली : मोजायचं तिने, चालवायचं त्याने. घाटातल्या चढाच्या शर्यतीत आपली गाडी उतरवणारं या भागातलं हे एकच वर्कशॉप होतं. वर्षातून तीनदा रस्ता बंद करायचे, अकरा वळणं, एका वेळी एकच गाडी, हातात घड्याळ. भिंतीवरच्या फळीवर दादाचे सोळा चषक होते. शेवटचा सहा वर्षांपूर्वीचा.

परवा रविवारी पुन्हा शर्यत होती. तीन महिने वाट पाहून ॲल्युमिनियमची ही नवी हेड, म्हणजे सिलिंडरांवरची व्हॉल्व्हवाली झाकणं, मंगळवारी आली होती, आणि दादा मंगळवारपासून शीळ घालत होता.

गेल्या मोसमात सातव्या वळणावर गाडीची डावी बाजू कठड्याला घासत गेली होती. कठड्यापलीकडे काही नव्हतं. खडी होती रस्त्यावर, दादाने सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी तिथे जाऊन आली होती, वाकून तळहाताने डांबर चाचपलं होतं. खडी नव्हती. ते तिने कोणाला सांगितलं नाही.

पुशरॉड म्हणजे खाली फिरणाऱ्या कॅमचा धक्का वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत नेणारी पोलादी नळी, जाडीला पेन्सिलीएवढी. तिने एक जुनी काढली आणि तिच्या जागी मधोमध आटे असलेली, लांबी कमीजास्त करता येणारी नळी लावली. एक फेरा उलगडायचा, शाई लावायची, दादाने इंजिन पान्याने दोनदा पूर्ण फिरवायचं, मग रॉकर उचलून रेघ बघायची. चौथ्या खेपेला रेघ मध्यावर आली आणि दीड मिलिमीटरवर अरुंद झाली. तिने नळी काढून व्हर्निअरने मोजली, वहीत आकडा लिहिला. त्या लांबीचा संच कपाटात होता.

"झालं तर मग," दादा म्हणाला.

"हे अर्धं झालं. आता माती."

"आता माती!" दार ढकलून वहिनी आत आली होती, हातात चहाचे तीन ग्लास. "मला बघायला आला होतास तेव्हा एवढी तपासणी केली असती तर दोघंही वाचलो असतो."

"तेव्हा मोजायला ही नव्हती बरोबर. परीक्षा होती हिची," दादा म्हणाला. "नाहीतर आज सुखात असतो."

वहिनी हसली, पण ग्लास देताना तिने नणंदेकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो. दोघांमध्ये किती जागा उरते ते बाहेरून दिसत नाही, म्हणून पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली मऊ माती थापायची, हेड लावायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि हेड काढून दबलेली माती कापून मोजायची. त्यासाठी दोन व्हॉल्व्हना मोजणीपुरत्या मऊ स्प्रिंगा लावायच्या होत्या. ते काम नेहमी दादाचं. स्प्रिंग दाबून धरायची आणि व्हॉल्व्हच्या मानेत डाळिंबाच्या दाण्याएवढ्या दोन पाचरी बसवायच्या. पूर्वी तो गप्पा मारता मारता, न बघता बसवायचा. आज पहिली पाचर निसटून टेबलाखाली गेली. ती शोधून आणली, पुन्हा निसटली. तिसऱ्या खेपेला बसली. तेवढा वेळ ती मातीचा गोळा मळत राहिली, मळायची गरज नसतानाही.

माती हिरवी होती. हेड काढल्यावर तिच्यात व्हॉल्व्हचे दोन गोल ठसे उमटले होते. तिने पात्याने दोन्ही ठसे मधोमध कापले आणि सगळ्यात पातळ जागा मोजली. मग पुन्हा मोजली.

"हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, तीन पूर्णांक एक. भरपूर आहे," ती म्हणाली. "हवा आत घेणारा, दीड."

"दीड आहे ना? लागत तर नाही."

"दोन हवेत."

"पुस्तकात."

"माझ्या इंजिनात."

दादाने पाना खाली ठेवला. "हे बघ. हाताने फिरवून लागत नाही. वेगात थोडं ताणलं जाईल, मान्य. तरी एक उरतो. एक मिलिमीटर म्हणजे काय कमी असतो? तूच तर म्हणतेस, एक मिलिमीटर केवढा असतो ते भिंगाची काच घासणाऱ्याला विचारा."

"इंजिन शहाण्यासारखं चाललं तर एकसुद्धा पुरतो," ती म्हणाली. "पण वरची जागा इंजिनासाठी नसते. चालवणाऱ्यासाठी असते. पाचवा गिअर टाकायचा आणि तिसरा पडला, की इंजिनाचे फेरे एकदम चढतात, स्प्रिंग मागे राहते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. पिस्टन त्याला गाठतो."

"मी गिअर चुकत नाही."

तिने पातं फडक्याने पुसलं. फेरे दाखवणाऱ्या तबकडीत एक लाल काटा असायचा, काळ्या काट्याने जास्तीत जास्त जिथवर ढकललं तिथे थांबून राहणारा. गेल्या मोसमात तीनदा तो जाऊ नये तिथे जाऊन थांबला होता. तीनही वेळा, दादा शिरस्त्राण काढत असताना, तिने खिडकीतून हात घालून काटा मागे आणला होता.

तेवढ्यात अंगणात टायरवाल्याचा टेम्पो वाजला आणि दादा बाहेर गेला. जाताना त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली.

वहिनी रिकामे ग्लास गोळा करत होती. एकात एक घालून झाले तरी जागची हलली नाही.

"बसत नाही म्हणालीस ना?"

"या घडीला नाही बसत."

"मग तेच सांग. पिस्टनना खाच पाडायला लागेल, तीन आठवडे लागतील, काय ते तुमचं. तुझ्या आकड्यापुढे तो कधी बोलत नाही. माझं म्हणशील तर मी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं. मला म्हणतो, तू भित्री आहेस."

"आणि पिस्टन तयार झाले की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचं तेव्हा. दोन वर्षं अशीच गेली होती. दादाची दरवेळी नवी सबब : कधी खडी, कधी हातमोजे निसरडे होते, कधी चष्म्याचा नंबर.

"त्यात खोटं काय आहे गं?" वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "आकडा तर खराच आहे."

"आकडा खरा आहे," ती म्हणाली. "पण तो त्याच्याबद्दल नाही, वहिनी. इंजिनाबद्दल आहे."

वहिनीने ग्लास उचलले. "तुम्ही दोघं भावंडं म्हणजे ना," एवढंच म्हणाली आणि गेली.

बाहेरून दादाचा आवाज येत होता. टायरवाल्याला तो सातवं वळण समजावत होता, हाताने बहुतेक, कारण मध्येच शब्द थांबायचे.

ती इंजिनाच्या पुढच्या बाजूला गेली. कॅम फिरवणाऱ्या साखळीवरचं झाकण अजून लावलेलं नव्हतं. क्रँकच्या दातेरी चाकाला तीन खाचा होत्या : एक मूळ जागेची, एक चार अंश अलीकडे, एक चार अंश पलीकडे. पलीकडची वापरली तर कॅम उशिरा चालेल. आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन खाली निघाल्यावर उघडेल, त्याला जागा मिळेल. बाहेर सोडणाऱ्याची तेवढीच कमी होईल, आणि त्याच्याकडे उधळायला होती. हे तिला माती कापतानाच दिसलं होतं. दिसलं नाही असं धरून चालणं सोपं होतं. परवाची शर्यत बुडाली असती, दादा दोन दिवस रुसला असता, आणि तिला एक शब्दही बोलावा लागला नसता.

तिने बाहीने कपाळ पुसलं.

"दादा," तिने हाक मारली. "ये. चाक काढायचंय."

त्याला सांगितलं तेव्हा तो आधी खूश झाला आणि मग त्याने तोंड वाकडं केलं. "म्हणजे खालचा जोर जाणार. वळणातून निघताना गाडी मारुतीच्या शेपटीसारखी जड व्हायची."

"थोडा जाईल. वर मिळेल. फेरे पडू द्यायचे नाहीत."

"ते मी बघतो."

काम त्यांनी जुन्या सवयीने केलं. साखळी उतरवली, चाक ओढलं, नव्या खाचेवर बसवलं, तबकडीवर अंश ताडून पाहिले. त्याने हात पुढे करायचा आणि तिने हवा तोच पाना त्यात ठेवायचा. एकदाही चुकलं नाही. पुन्हा माती, पुन्हा हेड, बोल्ट ठरल्या क्रमाने. दादाने दोन्ही हातांनी इंजिन दोनदा फिरवलं, सावकाश, एकही झटका न देता. इंजिन फिरवावं तर यानेच, असं तिला नेहमीप्रमाणे वाटलं. हेड उचललं तेव्हा उन्हाची तिरीप टेबलापर्यंत पोचली होती.

तिने ठसे कापले. दादा शेजारी येऊन उभा राहिला.

"दोन पूर्णांक एक," ती म्हणाली. "बाहेरचा, अडीच."

"दोन पूर्णांक एक!" त्याने टेबलावर थाप मारली, पाती उडाली. "अगं ए, ऐकलंस का? बसलं! हिने बसवलं!"

वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने दादाकडे पाहिलं नाही.

"उरलेल्या सिलिंडरांचं पण मोजायचं," पातं पुसत ती म्हणाली. "पण फरक पडणार नाही. इंजिन रविवारपर्यंत होईल."

"होईल काय, झालंच!" दादा नळाखाली हात धूत बोलत होता, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून. शनिवारी सकाळी सुरू करू, दुपारी दोन चकरा, नवे टायर जरा तापवून घेऊ, आणि सातव्या वळणाला यंदा आधीच ब्रेक, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. तो वहिनीकडे बघून हे म्हणाला.

तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली, खाली रेघ ओढली. पेनाचं टोपण लावलं. मग उठून त्याच्याजवळ गेली आणि नळ बंद केला.

"काय झालं?" दादा म्हणाला. हात ओलेच होते.

"आता इंजिनात काही खोट नाही," ती म्हणाली. "म्हणून आत्ता सांगते. रस्त्यावर खडी नव्हती, दादा. मी जाऊन पाहिलं होतं. रविवारी गाडी तू चालवायची नाहीस. यापुढे शर्यतीत कधीच नाहीस."