घडी घातलेल्या चिठ्ठ्या

मला प्रभारी प्रमुख करून पाच महिने झाले होते, तेव्हा संचालकांनी मला खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. ते एरवी उभ्याउभ्याच बोलतात. बसा म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं, हे साधं बोलणं नाही.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "अहवाल वेळेवर जातात, तक्रार नाही. पण बुधवारच्या बैठकीला मी दोनदा बसलो. तुम्ही तिथे आहात हे मला दहा मिनिटांनी कळलं."

"मी पहिल्यापासून होते."

"तेच म्हणतोय. होतात, पण जाणवत नव्हतात. निम्मी माणसं इथे, निम्मी घरून काम करतात. घरून बघणाऱ्याला पडद्यावर एक टेबल आणि चार डोकी दिसतात. त्यातलं प्रमुखाचं डोकं कोणतं, हे त्याला कळायला नको? दोन महिने घ्या. शेवटच्या बुधवारी मी येऊन बसेन. मग तुम्हाला कायम करायचं की बाहेरून कोणी आणायचं, ते ठरवू."

आमची प्रयोगशाळा पिण्याचं पाणी तपासते. शहराच्या अकरा टाक्यांमधून रोज बाटल्या येतात. आम्ही चौघं इथे पांढऱ्या टेबलांशी उभे राहून तपासण्या करतो आणि तिघं आपापल्या घरून आकडे पडताळतात, अहवाल लिहितात. बुधवारी सगळे एकत्र बसून प्रत्येक टाकीबद्दल ठरवतो : योग्य, थांबा किंवा बंद करा. चौदा वर्षं मी हेच काम केलं होतं. ही खुर्ची मला हवी होती, हे मी तोवर घरीसुद्धा मोठ्याने बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी बोलले. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाहेर जाणवत नसशील, पण घरात तू दुसऱ्या खोलीत असलीस तरी मला जाणवतेस." मग त्याने थट्टा आवरती घेऊन वहिनीला फोन लावला.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. ती मोठमोठी यंत्रं विकते, तीही बहुतेक घरातल्या टेबलावर बसून, चार शहरांतल्या माणसांना एकाच वेळी. रविवारी ती आली आणि चपला काढता काढताच तिने माझा लॅपटॉप बघितला.

"अगं, हा असा खाली ठेवतेस? लोकांना तुझ्या नाकपुड्या दिसतात! उचल." तिने माझी रसायनशास्त्राची चार जाड पुस्तकं एकावर एक रचली. "कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. दिवा समोर, पाठीमागे नाही. आता बोल काहीतरी."

"मला वाटतं, सात नंबरची टाकी बहुधा..."

"वाटतं नाही. बहुधा नाही. परत."

"सात नंबरची टाकी योग्य आहे."

"शेवटचा शब्द वर गेला. विचारतेयस का सांगतेयस? खाली आण आवाज. आणि सगळ्यांत आधी तू बोलायचं. पडद्यावर जो आधी बोलतो त्याचीच बैठक असते. बाकीचे मागून येतात. रुबाब, रुबाब पाहिजे गं!"

"वहिनी, मी पाणी तपासते, यंत्रं विकत नाही."

"अगं बाई, निर्णयही विकावाच लागतो. समोरच्याने तो घ्यायला नको?"

मी मन लावून शिकले. आरशासमोर 'योग्य आहे' हे दोन शब्द इतक्या वेळा म्हणाले की नवरा चहा ढवळून कप पुढे करत म्हणायचा, "योग्य आहे?" बैठकीच्या खोलीत मी कॅमेरा भिंतीवरून काढून टेबलाच्या टोकाशी, डोळ्यांच्या रेषेत आणला आणि त्याच्यासमोर मी बसले. टाकीचा क्रमांक आला की आकडा वाचायचा आणि निर्णय सांगायचा. आवाज खाली. पुढची टाकी.

फरक पडला हे खरं. जी बैठक पूर्वी सव्वा तास चालायची ती पंचवीस मिनिटांत संपू लागली. घरून अहवाल लिहिणारी आमची सहकारी म्हणाली, "मॅडम, आता कसं मोकळं वाटतं. लगेच कळतं काय लिहायचं ते." काका मात्र काही बोलले नाहीत. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. मी नवी होते तेव्हापासून ते मला ताई म्हणायचे, प्रमुख झाल्यापासून मॅडम म्हणू लागले होते.

शेवटच्या बुधवारी सकाळी मी लवकर आले. संचालक अकरा वाजता येणार होते. हाताला काम हवं म्हणून मी बैठकांच्या जुन्या नोंदी काढल्या. चाळता चाळता सवयीने मोजायला लागले. माझ्या पहिल्या पाच महिन्यांत कोणीतरी निर्णयाला हरकत घेतल्याच्या तेवीस नोंदी होत्या. पुस्तकांच्या थप्पीवर लॅपटॉप चढल्यानंतरच्या आठ आठवड्यांत एकही नव्हती.

मी पुन्हा मोजलं. शून्यच.

प्रयोगशाळेत शून्य आलं की आम्ही खूश होत नाही. आधी यंत्र चालू आहे का ते बघतो.

आणि मग मला माझा तिथला पहिला दिवस आठवला. उभ्या काचनळीत द्रावण कुठवर आलंय ते वाचायचं होतं. मी वाकून बघितलं आणि उत्साहाने आकडा मोठ्याने सांगितला. काका भडकलेच. "ताई, तुम्ही तोंड उघडलंत की समोरच्याचे डोळे मिटले! आता मला तोच आकडा दिसणार." आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाचं मोजमाप दोघं वाचतात. पहिला चिठ्ठीवर लिहून घडी घालतो, दुसरा स्वतः बघून आपली चिठ्ठी लिहितो, आणि मगच दोन्ही चिठ्ठ्या उघडतात. याला आम्ही आंधळं वाचन म्हणतो. चौदा वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. निदान टेबलाशी तरी नाही. बैठकीत मात्र आठ आठवडे मी तोंड उघडून सहा जणांचे डोळे मिटत होते, आणि तेही शिकून, सराव करून.

घड्याळात साडेदहा झाले होते. दोन रस्ते होते. आजचा दिवस रुबाबात काढायचा, खुर्ची पदरात पाडून घ्यायची आणि पुढच्या बुधवारपासून सुधारायचं. किंवा आजच. आजच केलं तर संचालकांना नेमकं तेच दिसणार होतं जे त्यांना नको होतं : गप्प बसलेली प्रमुख. मी कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला.

अकरा वाजता संचालक कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसले. पडद्यावर घरचे तिघं आले. त्यातल्या एकाला सगळे मुनी म्हणतात, कारण तो महिन्यातून एखादं वाक्य बोलतो. तो आकड्यांचा माणूस. रोजचे सगळे आकडे एकाखाली एक लावून बघणं हे त्याचं काम.

"आज थोडं वेगळं करू," मी म्हणाले. "तक्ता सगळ्यांसमोर आहे. प्रत्येक टाकीसमोर आपापला निर्णय कागदावर लिहा. बोलायचं नाही. मीही लिहिते. सगळ्यांचं झालं की एकदम उघडू. घरच्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरा."

"आता परीक्षा घेता का, मॅडम?" काका म्हणाले, पण मिशीत हसत होते.

मग शांतता पसरली. बैठकीतली शांतता किती लांब असते हे मला माहीत नव्हतं. पंख्याची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर तीन माना खाली झुकलेल्या. संचालकांनी घड्याळ बघितलं, मग पाय बदलला, मग परत घड्याळ बघितलं. वहिनी इथे असती तर तिने मला टेबलाखालून चिमटा काढला असता. चार मिनिटं मी एक शब्द बोलले नाही.

"उघडा."

दहा टाक्यांवर सगळ्यांचं एकमत होतं. सात नंबरच्या टाकीत नायट्रेट सत्तेचाळीस होतं आणि मर्यादा पन्नास. मी 'योग्य' लिहिलं होतं. खोलीतल्या तिघांनी 'योग्य'. घरच्या दोघांनी 'योग्य'. मुनीच्या कागदावर लिहिलं होतं : थांबा.

"का?" मी विचारलं. आवाज वर गेला. मी खरंच विचारत होते.

मुनीने घसा साफ केला. "ते आपण रोज आधी एक माहितीतलं पाणी तपासतो ना, वीसवालं. त्यात नायट्रेट वीसच आहे हे पक्कं ठाऊक असतं. यंत्राने सतरा ते तेवीस काहीही दाखवलं तरी आपण चालवून घेतो. तर ते मागच्या महिन्यात एकोणीस पूर्णांक आठ होतं. मग साडेएकोणीस. मग एकोणीस. परवा साडेसतराच्याही खाली गेलं. रोजचा आकडा हद्दीत आहे, म्हणून कोणाला खटकत नाही. पण एका रांगेत लावला तर तो घसरतोय. यंत्र सगळंच कमी दाखवतंय. सातचे सत्तेचाळीस खरे चौपन्न असतील."

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"तीन आठवडे झाले."

कोपऱ्यातली खुर्ची करकरली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आधीच योग्य आहे म्हणायचात. इतक्या खात्रीने म्हणायचात, की मला वाटलं, मॅडमनी हे बघितलंच असणार. उगाच मध्ये कशाला तोंड घालू?"

काका उठून आत गेले आणि दोन मिनिटांत एक बाटली हातात धरून परत आले. त्यांनी झाकण दोन बोटांनी गरागरा फिरवून दाखवलं. ते बसतच नव्हतं. ज्या ठरावीक तीव्रतेच्या द्रावणावरून आम्ही यंत्राचं माप जुळवून घेतो त्याची ती बाटली. पाणी हळूहळू उडत गेलं होतं, द्रावण घट्ट होत गेलं होतं, आणि त्याच्या तुलनेत शहरातलं सगळं पाणी आम्हाला आहे त्याहून चांगलं दिसत होतं.

"झाकण बघणं माझ्याकडे होतं," काका म्हणाले. "चूक माझी, ताई."

"झाकण तुमचं, काका. बाकीची माझी," मी म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडे वळून तेच पुन्हा सांगितलं, कारण तीन माणसं तिकडे होती. "मी आधी बोलत गेले म्हणून हे तीन आठवडे दबून राहिलं. यापुढे मी शेवटी बोलेन. आता नवी बाटली उघडू. सातचं पाणी पुन्हा तपासू. महिन्याभरातल्या प्रत्येक टाकीचा आकडा मुनी सुधारून काढतील. तोवर एकही अहवाल बाहेर जाणार नाही."

दुपारी दोनला सात नंबरच्या टाकीचा नवा आकडा आला : चौपन्न पूर्णांक दोन. दोघांनी वेगवेगळा वाचला होता. नायट्रेट वाढलं की सगळ्यांत आधी तान्ह्या बाळांना बाधतं. मी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना फोन केला. त्यांनी चारच्या आत टाकी बंद करून त्या भागाला दुसऱ्या टाकीचं पाणी जोडलं. साडेचारला मुनीची यादी आली. मी ती उभ्यानेच वाचली. सात नंबरचेही आधीच्या आठवड्यांचे आकडे सुधारून पन्नासच्या बरेच खाली होते, त्या टाकीला येणारं विहिरीचं पाणी या आठवड्यातच बिघडलं होतं. बाकी एकही टाकी मर्यादेच्या आसपास नव्हती. मी स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

संचालक दारात आले. उभेच होते.

"चार मिनिटं," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्ही विसरलात काय बोलायचं ते. उठून जाणार होतो."

"माझ्या लक्षात आलं."

"माझ्यासमोर स्वतःचा चुकीचा कागद वर धरलात."

"लिहिला होता, मग धरायलाच हवा."

ते जरा हसले. "आज त्या पडद्यावरच्या तिघांपैकी कोणालाही विचारा, प्रमुख कोण म्हणून. बाहेरून कोणाला आणत नाही मी. पत्र उद्या मिळेल. आणि ते झाकण बदला."

घरी पोहोचले तर वहिनीचा फोन वाजतच होता. "काय गं, मिळाली का खुर्ची?"

"मिळाली."

"बघ! शेवटचा शब्द खाली आणलास ना?"

"वहिनी, मी चार मिनिटं तोंडच उघडलं नाही."

ती म्हणाली, "चार मिनिटं? सगळ्यांसमोर? आणि कोणी उठून गेलं नाही?"

"नाही."

"अगं मग याला काय म्हणतात! मला चाळीस सेकंद जमत नाहीत. पण कॅमेरा वर होता ना?"

"वर होता," मी म्हणाले. तेवढं मी ठेवलंय, कारण ते बरोबर होतं.

पुढच्या बुधवारी कागद उघडले तेव्हा तीन नंबरच्या टाकीवर मुनीने पुन्हा 'थांबा' लिहिलं होतं. या वेळी कोणी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला आणि सलग पाच मिनिटं बोलला. काकांनी मध्येच त्याला अडवलं, दोघांची जुंपली, अहवाल लिहिणारीनेही आपलं मत ठोकून दिलं. शेवटी तपासलं, तर मुनी साफ चुकला होता. त्याने दोन टाक्यांच्या ओळी अदलाबदल करून वाचल्या होत्या.

"चुकलो," तो पडद्यावरून म्हणाला आणि हसला. त्याचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

बैठक एक तास दहा मिनिटं चालली. नोंदवहीत 'हरकत' या रकान्यात मी एक लिहिलं.