बोर्डाची उंची

“त्याला हात लावू नकोस,” टेस्टर खुर्चीतून ओरडला, तोवर इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडून शिडीवर पायही ठेवला होता.

चाळीस वर्षं वायरमनचं काम करताना खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला असायचा, म्हणून गल्लीने त्याचं नावच ते ठेवलं. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी तो खिशातून निघाला नव्हता. या घराची वायरिंग त्याने स्वतःच्या हाताने केलेली: ओळंबा लावून बसवलेल्या सागवानी पट्ट्या, काळी गोल बटणं, आणि दरवाजाच्या वर, छताच्या हातभर खाली, चिनी मातीच्या चार फ्यूजांचा बोर्ड. आता लेकीने परगावाहून फोनवर सगळं ठरवून हा तरुण पाठवला होता. जुनं सगळं काढायचं. बापाला विचारावं असं कुणाला वाटलं नाही, आणि हेच त्याच्या डोक्यात गेलं होतं.

सकाळपासून त्याने तोंडाचा पट्टा सोडला होता. आजकाल दिवा गेला की माणसं फोन घेऊन बसतात, साधी तार कुणाला बदलता येत नाही, आणि फ्यूजऐवजी प्लास्टिकचे डबे ठोकणारे स्वतःला कारागीर म्हणवतात. इलेक्ट्रिशियन ऐकत आपलं काम करत होता. जुन्याचा भरवसा नसतो काका, एवढंच तो एकदा म्हणाला, आणि आगीत तेल पडलं.

“भरवसा? तीन वर्षांत फ्यूज उडालेला नाही या घरात. एकदाही. तुझा डबा करून दाखवेल?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

इलेक्ट्रिशियनने एक फ्यूज ओढून काढला, उजेडाकडे धरला आणि खाली उतरून टेस्टरच्या हातात दिला. केसाएवढ्या फ्यूजतारेच्या जागी तांब्याच्या तारांचा जाडजूड पीळ होता, इस्त्रीची जुनी वायर सोलून घातलेला. बाकीचे तिन्ही तसेच निघाले. असला फ्यूज उडणार कसा? भिंतीवरची वायर जळाली असती, लाकडी पट्टीने पेट घेतला असता, तरी हा जागचा हलला नसता. असं करणाऱ्यांना टेस्टरने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. एका दुकानदाराच्या तर कानाखाली वाजवली होती.

कुठल्या गाढवाने, असं म्हणत त्याने चष्मा वर सरकवला आणि स्क्रू पाहिला. तार उजवीकडून दोन वेढे घेऊन बसवलेली, आणि उरलेलं टोक कापायचं सोडून शिवणीतल्या दोऱ्यासारखं आत दुमडलेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोला फ्यूज भरायला शिकवलं होतं. टोक काप म्हणून कितीदा सांगितलं तरी ती दुमडायचीच.

ती ओले हात पुसत दारात उभी होती.

“घर पेटलं असतं,” तो म्हणाला. “एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून अक्कल नाही आली?”

“आली होती. ठाऊक असूनच घातली तार.” ती जागची हलली नाही. “तीन वर्षांपूर्वी फ्यूज भरताना त्या स्टुलावरून पडून महिनाभर उताणे होतात. उठलात आणि दिवा गेला की पुन्हा स्टूल ओढायला लागलात. माझं ऐकणार होतात? म्हटलं, उडायलाच नको. हे जुनं काढायला लेकीलाही मीच सांगितलं. तेवढं सांगायला तीन वर्षं लागली, तुमच्या या तोंडाच्या धाकाने.”

इलेक्ट्रिशियन उगाच पिशवीत पकड शोधू लागला.

टेस्टरने बोर्डाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे, मग तिच्याकडे. ती त्याच्या खांद्याला लागायची. स्टुलावर चढून त्यालाच टाचा उंच कराव्या लागत.

“तू कशावर चढली होतीस?”

तिने पुन्हा हात पुसायला घेतले.

“विचारतोय मी.”

“टेबलावर स्टूल ठेवलं.”

“आणि धरलं कुणी?”

“दुपारचे निजला होतात तुम्ही.”

त्याने फ्यूज इतक्या जोरात टेबलावर आपटला की त्याचा टवका उडाला. मग खुर्चीचे हात धरून तो उठला. बायकोला दंडाला धरून भिंतीशी नेलं, हात खांद्याच्या वर न नेता सरळ पुढे करायला लावला, आणि तिची बोटं जिथे टेकली तिथे खिशातल्या टेस्टरने भिंतीवर खोल ओरखडा काढला.

“इथे लाव तुझा डबा,” तो इलेक्ट्रिशियनवर खेकसला. “एक इंचही वर नको.”