पेट्रोल खराब असन

गॅरेजातून नेलेली गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली की गिऱ्हाईक मेकॅनिकला फोन करतं, आणि मेकॅनिक म्हणतो, "पेट्रोल खराब असेल." हिंगण्याच्या धम्मदीपचंही हेच ठरलेलं उत्तर. बारा वर्षांत शंभरदा तरी दिलं असेल, आणि त्यातलं निम्मं धडधडीत खोटं. जित्याची खोड, दुसरं काय!

पण त्या दिवशी सकाळी अकराला फोन आला तो कुण्या गिऱ्हाइकाचा नव्हे, त्याच्या मोठ्या बहिणीचा. रोशनी कुहीहून बापाला, लहानूबाबाला, डायलिसिससाठी नागपूरला, धंतोलीच्या दवाखान्यात घेऊन निघाली होती.

"धम्मा, गाडी बंद पडली ना! मोकळा रोड पाहून जरा पाय दाबला, त दमच गेला तिचा. सुरू होते अन् लगेच बसून जाते."

धम्मदीपची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तरी तोंडातून निघालंच, "पेट्रोल खराब असन."

गाडी त्यानेच कालपर्यंत खोलून ठेवली होती. एक दिवस म्हणाला आणि तीन लावले. त्यात बापाची डायलिसिसची एक पाळी चुकली. शेजाऱ्याच्या गाडीनं चला म्हटलं तर लहानूबाबा अडून बसले, "माहा पोरगा गाडी दुरुस्त करून राहिला, मी तिच्यातच जाईन." आता पायांवर सूज, छातीत पाणी आणि घशात घरघर. फोनवर ती साफ ऐकू येत होती.

"बॅटरीची वायर हलवून पाय," धम्मदीप म्हणाला.

"हलवली. काही नाही."

"फ्यूज पाय. टाकीचं झाकण उघडून लाव."

ती बिचारी सांगेल ते करत राहिली. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले चाळीस मिनिटं. दोन ट्रक हात करूनही थांबले नाहीत. ऊन असं की बॉनेटला हात लावला तर चटका बसे.

"धम्मा, बाबाचे ओठ निळे पडून राहिले रे! काहून बोलत नाहीस? सांग ना काहीतरी!"

त्याची नजर अजून त्या खिळ्यावरच होती. हवेचा फिल्टर काढला की इंजिनात हवा नेणारा पाइप उघडा पडतो. त्यात माती जाऊ नये म्हणून तो चिंधी कोंबून ठेवायचा. आईच्या हिरव्या लुगड्याच्या चार चिंध्या होत्या त्याच्याकडे. काम झालं की चारही खिळ्याला. आता तिथं तीनच होत्या.

आणि हा गडी काय करतो? टेबलाखाली वाकून चौथी शोधतो! डब्यांमागे शोधली, पोत्याखाली शोधली. सापडली असती तर चूक त्याची ठरली नसती ना. तिकडे बाप तडफडतोय आणि इकडे हा चिंधी शोधतोय. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण उशिरा.

"ताई," तो शेवटी रडवेला होऊन ओरडला, "पेट्रोल-बिट्रोल काही नाही वं! चिंधी माही आत राहिली. फिल्टरच्या डब्यापासून जाड काळा पाइप निघतो, त्याची पट्टी ढिली कर. स्क्रूत रुपया घालून फिरव, अन् आतली चिंधी ओढून काढ."

खुडबुड ऐकू आली, "आई गं" ऐकू आलं, मग इंजिन गरजलं आणि फोन कटला.

त्यानंतर धम्मदीपनं एकाही गाडीला हात लावला नाही. त्यानं रोशनीला फोन केले, ते तिनं उचलले नाहीत.

चार वाजता बापाच्याच नंबरवरून फोन आला. आवाज खोल गेलेला, पण बापाचाच.

"वाचलो गा. रोशनी इथं सगळ्यायले सांगून राहिली, पेट्रोल खराब निघालं म्हणून. पंपवाल्याले लय शिव्या घातल्या तिनं."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. धम्मदीपनं डोळे मिटले.

"नाही बाबा. पेट्रोल चांगलं होतं. चिंधी मीच विसरलो."

"ठाऊक हाय. फोन स्पीकरवरच ठेवला होता तिनं. मी मागंच बसून होतो, समदं आयकत." लहानूबाबा दम घ्यायला थांबले. "मले एकच सांग. तुले पयल्याच मिन्टाले समजलं होतं, नाही?"

धम्मदीपनं खिळ्यावरच्या तीन चिंध्यांकडे पाहिलं.

"हो, बाबा," तो म्हणाला.